माझ्यावरचा वीतभर गाळ

मित्रांनो, मी एक जुना सीटबेल्ट आहे. गाडीत बसल्यावर खांद्यावरून कमरेपर्यंत जो पट्टा ओढून घेतात, तो मी. सध्या मी कोणत्याही गाडीत नाही. एका घराच्या बाहेरच्या दाराशेजारी खिळ्यावर लटकलेला आहे. माझ्या एका बाजूला छत्री आहे आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्यांचा जुडगा. घरी येणारा प्रत्येक जण चप्पल काढता काढता विचारतो, "हे काय लटकवून ठेवलंय?" विचारणारच. कारण माझ्या एका टोकाला वीतभर तपकिरी डाग आहे आणि तो कोणत्याही साबणाला दाद देत नाही. पण मला त्या डागाची लाज वाटत नाही. मला छाती असती तर ती फुगवूनच मी ही हकिकत सांगितली असती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेकडो धागे एकमेकांत घट्ट विणून, राखाडी रंगात बुडवून, भट्टीत सुकवून मला तयार केले गेले. आमच्यापैकी काही भावंडांना एका यंत्रात अडकवून तुटेपर्यंत ताणले. किती ताण आल्यावर ती तुटतात हे बघून मगच आम्हा उरलेल्यांना पास करण्यात आले. त्यांचे नाव कुठे लिहिलेले नाही, म्हणून मी इथे त्यांची आठवण काढतो.

मग मला एका चक्रीवर गुंडाळले. ही चक्री म्हणजे माझे घर. हळूच ओढले तर ती मला बाहेर सोडते. झटका बसला की तिच्यातले दात अडकतात आणि मी जागच्या जागी थांबतो. माझे सारे मोल त्या थांबण्यात आहे. कारखान्यात तपासणीला एक बाई होत्या. त्या प्रत्येक पट्टा हातात घेऊन कचकन हिसडा मारायच्या. माझी पाळी आली तेव्हा मी असा अडकलो की बाईंचा हातच मागे खेचला गेला. "हा बरा आहे, खट आहे," त्या म्हणाल्या आणि मला पुढे ढकलले. कुणी मला खट म्हटले तर मी आजही खूश होतो, त्याचे कारण हे.

मला एका नव्याकोऱ्या गाडीत, चालवणाऱ्याच्या शेजारच्या जागेवर बसवले. माझी चक्री दाराच्या खांबात होती, तीही अगदी खाली, बसणाऱ्याच्या पायाशी. वर खांद्याजवळ माझा थोडासा भाग दिसे, बाकी सगळा मी आत गुंडाळलेला. ही गोष्ट लक्षात राहू द्या.

ती गाडी एका पोस्टमास्तरांनी घेतली. ते गाडी चालवत आणि माझ्या जागेवर त्यांच्या पत्नी बसत. त्यांना सगळे काकू म्हणत. पहिली कित्येक वर्षे काकूंचे आणि माझे मुळीच पटले नाही. मी खांद्यावर आलो की त्या म्हणत, "कपड्यांची इस्त्री मोडते." मी कमरेवर आलो की म्हणत, "श्वास कोंडतो." पोस्टमास्तर मात्र हट्टी होते. काकूंनी मला लावल्याशिवाय ते किल्ली फिरवायचे नाहीत. नवरा-बायको दोघे रागाने समोर बघत बसलेले आणि गाडी दारातच उभी, असे मी कितीतरी वेळा बघितले आहे. शेवटी काकू एक उसासा सोडून मला ओढून घेत. मी मनातल्या मनात मिशांवर ताव देत असे.

एका दुपारी रस्त्यात अचानक एक कुत्रे आडवे आले. पोस्टमास्तरांनी करकचून ब्रेक लावला. मागून दुसऱ्या गाडीने धडक दिली. डबा, पिशवी, पाण्याची बाटली, सगळे पुढच्या काचेवर जाऊन आदळले. काकूही गेल्या असत्या. पण माझ्या चक्रीतले दात अडकले आणि मी त्यांना धरून ठेवले. काकूंचा चष्मासुद्धा नाकावरून हलला नाही. थोड्या वेळाने त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि त्या पोस्टमास्तरांना म्हणाल्या, "याला उद्या ओल्या फडक्यानं पुसते. बिचाऱ्याकडे कधी लक्षच दिलं नाही मी." त्या दिवसापासून मी त्यांना कधी टोचलो नाही आणि त्यांनी कधी कुरकूर केली नाही. माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ होता.

पुढे दोघांचे वय झाले. बाहेर जाणे कमी झाले. त्यांच्या इमारतीच्या पोटात, जमिनीखाली, गाड्या ठेवायची जागा होती. तिथे आमची गाडी दिवसच्या दिवस उभी राहू लागली. दुर्लक्ष झाले म्हणून मी कुणाला दोष देत नाही. म्हातारपणी माणसे स्वतःकडेच कुठे लक्ष देतात.

एका सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडले आणि नदी गावात शिरली. आमच्या तळघरात ती उतारावरून आली, आधी पातळ धारेने आणि मग धो धो. तिला दार उघडावे लागले नाही. दाराच्या फटींतून, खालच्या भोकांतून ती आत आली आणि खुर्चीच्या बैठकीपर्यंत चढून थांबली. माझे वरचे टोक कोरडे होते. पण चक्री खाली पायाशी होती, तिच्यात गुंडाळलेला मी पार बुडालो. ते नुसते पाणी नव्हते. त्यात गाळ होता, तेल होते, गटारातली घाण होती. पाणी ओसरले तरी गाळ माझ्या वळ्यावळ्यांत बसून राहिला आणि हळूहळू सुकला. चक्रीच्या दातांमध्येही तो भरला. मी दात हलवून बघण्याचा प्रयत्न केला. ते हलले नाहीत.

विमा कंपनीचा माणूस आला. त्याने आत डोके घालून वास घेतला, वायरी बघितल्या, इंजिनात डोकावला आणि सांगितले, "टोटल लॉस. ही गाडी आता रस्त्यावर आणू नका." पोस्टमास्तरांना भरपाई मिळाली आणि गाडी कंपनीने ताब्यात घेतली. जायच्या आधी काकू तळघरात आल्या. पुढच्या कप्प्यातला त्यांचा कंगवा त्यांनी काढून घेतला, चिखलाने माखलेला. मग जाताना त्यांनी एकदा वळून माझ्याकडे बघितले. मला वाटले, चला, काम संपले. आता भंगारात जायचे आणि शांत पडायचे. इज्जतीने जगलो, इज्जतीने जाऊ.

पण माझे नशीब तेवढे सरळ नव्हते. भंगार म्हणून विकलेली ती गाडी जुन्या गाड्यांच्या एका दलालाने उचलली. त्याच्या हाताखालची माणसे त्याच्या पाठीमागे त्याला चकाचक म्हणत, कारण कोणत्याही गाडीविषयी त्याचे मत एकच असे. "एकदम चकाचक." माणूस अंगाने काडीसारखा आणि जिभेने लोण्यासारखा.

चकाचकने आमची गाडी उन्हात उघडी ठेवली. आत मोठे पंखे लावले. जुना गालिचा फाडून टाकला आणि नवा घातला. खुर्च्यांवर नवी आवरणे चढवली. दिव्यांच्या काचांत साठलेले पाणी काढले. उरलेला कुबट वास मारायला त्याने लिंबाच्या वासाच्या इतक्या बाटल्या लावल्या की आत बसलेल्या माणसाला सरबतात पडल्यासारखे वाटावे. चालवणाऱ्याच्या बाजूचा पट्टा दुसऱ्या गाडीतून काढून बसवला, कारण गिऱ्हाईक तिथे बसते. माझी पाळी आली तेव्हा पॉलिशवाला मला ओढत होता. निम्मा मी आलो, पुढे येईना.

"साहेब, हा आत अडकलाय. गाळ आहे आत," पॉलिशवाला म्हणाला.

"तेवढा कोण ओढून बघतो? दिसतो तेवढा धू," चकाचक म्हणाला.

आणि दिसत होतो तेवढा मी धुतला गेलो. बाहेर माझा राखाडी रंग नव्यासारखा चमकू लागला. आत मी तसाच होतो, चिखलाने भरलेला. मित्रांनो, खरे सांगतो, मला चिखलाचे दुःख नव्हते. पण आता कुणी माझ्या भरवशावर या जागेवर बसणार होते. रस्त्यात ब्रेक लागणार होता. आणि माझे दात अडकणार नव्हते, हे मला एकट्यालाच ठाऊक होते. ज्याने जन्मभर माणसे धरायची त्याला सोडून द्यायला लावणे, याहून मोठा अपमान नाही.

गिऱ्हाइके येऊ लागली. चकाचकची एक युक्ती होती. गाडी चालवून बघायला कुणी निघाले की तो स्वतः माझ्या जागेवर येऊन बसे. त्याच्या काडीसारख्या अंगाला माझा हातभर तुकडा पुरे. मी आतून कळवळायचो, की अरे, थोडे आणखी ओढ. तो दोन बोटांनी मला लावायचा आणि गिऱ्हाइकाशी गोड गोड बोलत राहायचा.

एक दिवस एक तरुण बाई आली. ती परिचारिका होती. डोंगरापलीकडच्या प्रसूतिगृहात तिला नवी नोकरी लागली होती आणि रोज सकाळी घाटातून जायचे होते. नवरा परगावी कामाला. म्हणून तिची आत्या रोज तिच्याबरोबर जाणार होती. ही कामावर असेपर्यंत हिची तीन वर्षांची मुलगी, चिमणी, आत्या सांभाळणार. म्हणजे रोज त्या वळणावळणाच्या रस्त्याने तिघी जाणार आणि येणार. त्यातली आत्या माझ्या जागेवर बसणार. हे सगळे तिने चकाचकला सांगितले, कारण आनंदात असले की माणूस बोलतो. मी ते ऐकले आणि माझ्या आतला चिखल पुन्हा गार पडला.

या भाचीला, म्हणजे परिचारिकेला, गाडी आवडली. तिने ती चालवली, वळवली, मागे घेतली. रंग आवडला, आरसे आवडले. चकाचक माझ्या जागेवर बसून डोलत होता.

"ताई, उशीर करू नका. दुपारी एक जण येतोय बघायला. मी म्हटलं, आधी ताईंना दाखवतो," तो म्हणाला.

"घेतली समजा," भाची म्हणाली. "फक्त आत्याला एकदा बसवून बघते."

"आत्याला कशाला त्रास? गाडी तुम्ही चालवणार."

"आमच्याकडे तशी पद्धत आहे," भाची हसून म्हणाली.

ती पद्धत मला नंतर कळली. आत्या अंगाने भरपूर. नुसती जाड नाही, ऐसपैस. ती कुठे बसली की त्या वस्तूची खरी परीक्षा होते. एकदा घरच्यांनी तिला न विचारता एक आरामखुर्ची आणली आणि ती तिच्या भावासकट कोसळली. भाऊ म्हणजे भाचीचे वडील, ते तर आत्याच्या निम्मेही नव्हते. तेव्हापासून त्या घरात खुर्ची, पलंग, बाक, जे काही बसायचे असेल ते आत्या बसल्याशिवाय दारातून आत येत नाही. दुसरी एखादी बाई रुसली असती. आत्याने हे काम मानाने स्वीकारले. दुकानात ती अशी जाई की जणू सरकारने नेमले आहे. वस्तूवर बसायची, डावीकडे झुकायची, उजवीकडे झुकायची, डोळे मिटायची आणि मग निकाल सांगायची.

दुपारी आत्या आली. पांढरेशुभ्र कपडे, हातात पर्स, बरोबर चिमणी. चकाचकने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितले आणि त्याचा चेहरा जरा उतरला. पण जीभ उतरली नाही.

"या मावशी, या. मागे बसा ऐसपैस. मागची जागा म्हणजे दिवाणखाना आहे नुसता."

"मागे चिमणी बसणार. माझी जागा पुढे आहे," आत्या म्हणाली. आणि ती माझ्या जागेवर येऊन बसली.

खुर्ची करकरली. आत्या डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "बैठक चांगली आहे. पण लिंबाचा वास फार मारलाय. कोणी मेलं होतं का आत?"

भाची हसली. चकाचकही हसला, जरा जास्तच.

"आता पट्टा," आत्या म्हणाली आणि तिने मला धरले.

मित्रांनो, त्या हाताची मी किती वाट बघितली होती. तिने ओढले, मी आलो. पहिला हातभर, धुतलेला. दुसरा हातभर, तोही धुतलेला. खांद्यावरून पोटापर्यंत पोचायला अजून बरेच अंतर होते आणि तिथे मी अडकलो. गाळाने मला आतल्या आत चिकटवून ठेवले होते. आत्याने पुन्हा ओढले. मी जीव तोडून जोर लावला, पण हललो नाही.

चकाचकने लगेच संधी साधली. "मावशी, राहू द्या. आजकाल पट्ट्याला जोड मिळतो. मी फुकट लावून देतो, आताच्या आता."

"खरंच आत्या," भाची म्हणाली. "जोड लावू. एवढं काय त्यात?" तिचा जीव त्या गाडीवर जडला होता. चिमणी तर मागे बसून खिडकीची काच चाटत होती. तेवढ्या एका होकारावर सगळे ठरणार होते. तो क्षण आठवला की अजून माझे धागे ताठ होतात.

आत्याने शांतपणे पर्स खाली ठेवली. "मी आजवर कुठल्याही वस्तूत जोड लावून बसलेली नाही," ती म्हणाली. "वस्तूनं मला पुरायचं. मी वस्तूला नाही."

मग तिने दोन्ही हातांनी मला धरले, पोट आत घेतले आणि अशी ओढ दिली की खांबाच्या आत करकर झाली. सुकलेला गाळ फुटला. मी सुटलो. मी येत गेलो, येत गेलो आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत बाहेर आलो. आत राहिलेला माझा सगळा भाग मळकट होता, शेवटचा वीतभर तर पार तपकिरी, आणि त्याला कुजका वास येत होता. आणि माझ्याबरोबर खांबाच्या फटीतून मूठभर कोरडा चिखल आत्याच्या पांढऱ्याशुभ्र मांडीवर पडला.

 चिमणी म्हणाली, "आत्या, माती."

"चहा सांडला असेल हो कधीतरी कुणाचा," चकाचक म्हणाला. "जुन्या गाडीत होतं असं."

आत्याने माझा डाग बोटाने घासला. बोट नाकाशी नेले. "चहा?" ती म्हणाली. "चहा पिताना पट्टा खांबात गुंडाळून ठेवतात का? हा नदीचा गाळ आहे. आमच्या जुन्या घरात पाणी शिरलं होतं, तेव्हा मी महिनाभर हाच वास घेऊन झोपले आहे."

भाचीचा चेहरा पडला. पण ती मुकाट्याने पुढे झाली आणि तिने मला आत्याच्या हातातून घेतले. परिचारिका ती, काही झाले की आधी तपासते, मग बोलते. तिने मला थोडे आत जाऊ दिले आणि कचकन हिसडा मारला. कारखान्यातल्या बाईंनी मारला होता तसाच.

मी थांबलो नाही. सरकन बाहेर आलो. तिने पुन्हा मारला. पुन्हा सरकन आलो. मला खूप वाईट वाटले. ज्या एका गोष्टीसाठी माझे अस्तित्व होते, ती मला चार माणसांसमोर करता आली नाही. पण त्याच वेळी भाचीने मान वर करून आत्याकडे बघितले. त्या नजरेत काय होते ते मी सांगू शकतो. तिला घाट दिसला होता, वळण दिसले होते, आणि माझ्या जागेवर बसलेली आत्या दिसली होती. माझे वाईट वाटणे तिथेच संपले.

चकाचक एवढ्यात हार मानणारा नव्हता. "एवढंच ना? पट्टा खराब आहे, बदलून देतो. ए, काढ रे हा!" त्याने पॉलिशवाल्याला हाक मारली. पॉलिशवाल्याने पाना आणला, माझी चक्री सोडवली आणि मला गाडीच्या तोंडावर, बॉनेटवर आणून टाकले. सगळ्या पापाचे खापर माझ्या एकट्यावर. "झालं. आता गाडी एकदम चकाचक."

आत्या सावकाश खाली उतरली. तिने मला उचलले आणि सगळ्यांना दिसेल असे हातात धरले. शेजारी दुसऱ्या गाड्या बघणारी दोन-तीन कुटुंबे होती, तीही बघू लागली.

"पट्टा बुडाला आणि गाडी कोरडी राहिली?" आत्याने विचारले.

 उत्तर शोधायला भाचीने सुरुवात केली. तिने पायाखालच्या नव्या गालिच्याचा कोपरा उचलला. खालचा पत्रा गंजला होता आणि खाचेत तोच तपकिरी गाळ होता. खुर्ची जिथे जमिनीला जोडतात तिथल्या बोल्टांवर गंज होता. मागची डिकी उघडून तिने जादा चाक बाहेर ओढले. चाकाच्या खळग्यात कडेने एक पुसट रेघ होती, पाणी थांबलेले होते तिथवर. लिंबाच्या वासाच्या बाटल्या काढून तिने दार लावले, थोडा वेळ थांबली आणि मग दार उघडून नाक आत घातले. उघडले तसेच तिने ते पटकन लावून टाकले.

"आम्हाला काय माहीत, ताई. आम्ही पण विकतच घेतली," चकाचक म्हणाला.

"मग असं करा," आत्या म्हणाली. "तुमच्या घरच्यांना बसवा यात आणि घाटातून एक चक्कर मारून आणा. तुम्ही आलात की बोलू."

चकाचक खिशातला फोन काढून बघू लागला. फोन वाजला नव्हता.

भाचीने किल्ली बॉनेटवर ठेवली.  चिमणीला तिने "आज गाडी येणार" असे सांगून आणले होते. आत्याने एका हाताने चिमणीला उचलले. दुसऱ्या हातात मी होतो.

"अहो मावशी, पट्टा!" चकाचकने मागून हाक मारली.

"टाकूनच देणार होता ना? मी टाकते," आत्या म्हणाली आणि चालू लागली.

मागे सरसर आवाज यायला लागला. त्या आवारात उभी असलेली कुटुंबे एकेका गाडीचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघत होती. आयुष्यात मी अनेक आवाज ऐकले, पण इतका गोड आवाज ऐकला नाही. आमच्या गाडीचे पुढे काय झाले ते मला नक्की माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आत्या वाहनांच्या कचेरीत गेली आणि तिने गाडीचा नंबर तिथे कळवला, एवढे माहीत आहे.

मला तिने टाकले नाही. घरी आल्यावर भाचीने मला साबणाने घासले, तरी डाग गेला नाही. "राहू दे," आत्या म्हणाली, आणि तिने दाराशेजारी खिळा ठोकून मला लटकवले. आता गल्लीत कुणी जुनी गाडी घ्यायला निघाले की आधी आत्याकडे येते. आत्या मला खिळ्यावरून काढते आणि समोरच्याच्या हातात देते. "हे बघून घ्या. बाहेरून हाही चांगलाच दिसत होता," असे म्हणते. मग ती त्यांच्याबरोबर जाते आणि प्रत्येक जागेवर बसून बघते. मला तिने एकदाही घरी ठेवले नाही. पर्समध्ये मी मावत नाही, म्हणून मला खांद्यावर टाकून नेते. एखाद्या सैनिकाच्या खांद्यावर पट्टा असावा तसा मी मिरवत जातो.

भाचीला पुढे दुसरी गाडी मिळाली. लहान आणि रंगाने अगदी फिकी. चिमणीला ती आवडली नाही. पण तिचे चारही पट्टे शेवटपर्यंत ओढून झाले, हिसडे मारून झाले, गालिचा उचलून झाला, चाकाचा खळगा बघून झाला आणि आत्या बसूनही झाली. माझ्या जागेवर आता एक काळा, तरुण पट्टा आहे. आमची ओळख नाही. रोज सकाळी तिघी निघतात तेव्हा मी खिळ्यावरून बघतो. थोडा हेवा वाटतो, नाही असे नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. त्या तिघी रोजच्यापेक्षा उशिरा घरी आल्या.  घाटातल्या वळणावर समोरून एक ट्रक चुकीच्या बाजूने आला होता आणि भाचीने गाडी कशीबशी कड्याला घासून थांबवली होती. चिमणी मागे पट्ट्यात बसलेली होती, तिला ओरखडासुद्धा आला नव्हता. आत्या आत आली, पण पाणी प्यायला गेली नाही. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने खांद्यावरचे कापड जरा बाजूला केले. खांद्यावरून तिरका खाली, पट्ट्याच्या रुंदीचा एक काळानिळा वळ उमटला होता.

"बघ," ती मला म्हणाली. "त्यानं धरलं मला."

मग तिने तिथेच कपाळ माझ्यावर टेकवले. तिथे मी असतो तर मी तिला सोडून दिले असते. माझी इच्छा असो वा नसो, सरकन सोडून दिले असते. पण मी तिथे नव्हतो, कारण मला धरता येत नाही हे मी त्या आवारातच सगळ्यांसमोर कबूल केले होते. त्या दिवसापासून मला हेवा वाटत नाही.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्ही कधी जुनी गाडी घ्यायला जाल, किंवा उद्याच बाबांबरोबर, काकांबरोबर जाल. रंग बघा, आरसे बघा, पण माझ्या भाऊबंदांनाही विसरू नका. त्यांना हातभर ओढून सोडू नका. शेवटपर्यंत ओढा, उलटून बघा, हिसडा मारा. आणि जी गाडी तुमची आहे तिच्यातल्या पट्ट्याला दाराच्या फटीत चिरडू नका, त्याला ओला ठेवू नका आणि बसलात की आधी त्याला लावा. इस्त्री मोडली तर मोडू द्या. तो बिचारा तुम्हाला धरायलाच बसलेला असतो.